फोनसाठी बसलेलं बोर्ड

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू बोर्डाशिवाय आलेली नाही.

पप्पा तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये होते. पहिली काही वर्षं तोफेवर आणि नंतर रिटायर होईपर्यंत स्टोअरमध्ये. फौजेत एखादी वस्तू घ्यायची असो, मोडीत काढायची असो की हरवली म्हणून कागदावरून उतरवायची असो, त्यासाठी बोर्ड बसतं. एक अध्यक्ष, दोन सभासद. गरज काय आहे ते आधी लिहायचं, बाजारात काय मिळतंय ते त्याच्यापुढे लिहायचं, तुलना करायची, निष्कर्ष लिहायचा आणि तिघांनी सह्या करायच्या. ही पद्धत पप्पांनी घरी आणली. अध्यक्ष ते स्वतः, पहिली सभासद आई, दुसरी मी. कूलरचं बोर्ड बसलं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या कागदावर माझी सही म्हणजे इंग्रजीत लिहिलेलं माझं पूर्ण नाव आहे आणि त्यातलं शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली उतरलं आहे.

आईला हा पोरखेळ वाटायचा. "मिक्सर आणायलाबी बोर्ड! तवर माझी चटणी कोण वाटणार, तुमचा सभासद?" असं म्हणत ती पदराला हात पुसायची आणि सही करायची. फ्रिज, मिक्सर, माझी सायकल, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांचे कागद एका निळ्या फायलीत लावलेले आहेत. त्या फायलीतले शेवटचे कागद फोनचे आहेत. एकाच फोनसाठी आमच्याकडे दोनदा बोर्ड बसलं.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. मी सहा वर्षांची असताना पप्पांची बदली चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली. पुढे ते एकटेच सीमेवर गेले, परत आले, पुन्हा गेले. माझी शाळा तिथे होती म्हणून आई आणि मी तिथेच राहिलो. रिटायर झाल्यावर गावी जायचं असं ठरलेलं होतं, पण तोवर मी कॉलेजात होते आणि सेक्टर सत्तेचाळीसमधल्या तळमजल्यावरच्या घराची आम्हाला सवय झाली होती.

शाळा इंग्रजी माध्यमाची. गल्लीत हिंदी, वरच्या आंटींकडे पंजाबी. घरात मात्र मराठी. पप्पांचा नियम होता, "चपला आणि हिंदी दाराबाहेर." मी शाळेतून आल्या आल्या म्हणायचे, "पापा, कल टेस्ट है." ते पेपरचं पान उलटायचे. "काय? ऐकू आलं नाही." मी पुन्हा म्हणायचे, जरा मोठ्याने. "काय? ऐकू आलं नाही बाळा." मग मी पुटपुटायचे, "उद्या परीक्षा आहे," आणि ते लगेच वर बघायचे. "असं होय. कशाची?"

हा खेळ होता आणि नव्हताही. कारण ते कधीच विसरले नाहीत. ताप आलेला असताना मी हिंदीत पाणी मागितलं तेव्हाही नाही. तेव्हा मला राग यायचा. मी मुळात कमी बोलणारी. शाळेत हात वर करायच्या आधी मी इंग्रजी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायचे आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. हिंदीतही माझं तसंच होतं, अजूनही आहे. ऑफिसात मीटिंगच्या आधी मी वाक्यं तयार करून ठेवते. फक्त मराठीत बोलताना मला आधी काही तयार करावं लागत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

चार वर्षांपूर्वी जेवताना मी म्हणाले, "पप्पा, लोणचं इकडे द्या." ते म्हणाले, "काय? ऐकू आलं नाही."

मला वाटलं, सवयीने मी हिंदीत बोलले. मी वाक्य मनात तपासलं. मराठीच होतं. मी पुन्हा तेच म्हणाले, आणि या वेळी माझ्या लक्षात आलं की ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे बघत होते.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. एखादी गोष्ट कुठे बिघडते ते शोधायचं, कधी बिघडते ते बघायचं आणि लिहून द्यायचं. पुढचे काही दिवस मी तेच केलं. पप्पांच्या डाव्या बाजूला उभं राहून बोलले, उजव्या बाजूला उभं राहून बोलले, पंखा चालू ठेवून, पंखा बंद करून. डावा कान जवळजवळ गेला होता. उजव्या कानाने जवळचं आणि ओळखीचं ऐकू यायचं. फक्त त्याचा अहवाल मी कुणाला दिला नाही. आईला आधीपासून माहीत होतं. मला कळलंय हे तिला माहीत होतं. बाहेर कुठे गेलं की आम्ही दोघी न ठरवता पप्पांच्या उजव्या बाजूला राहायला लागलो. बोलणं कुणीच काढलं नाही.

माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून त्यांना कानाचं मशीन मिळालं तेही मला आईनेच सांगितलं, ते घरात नसताना. दोन दिवस त्यांनी ते लावलं. कुकरची शिट्टी तोफेसारखी वाजते म्हणाले आणि डबी कपाटात मेडल्सच्या शेजारी ठेवून दिली. "खरं कारण ते न्हाई," आई म्हणाली. "मशीन लावून गेटवर कसं जायचं, हे आहे. बहिरा सुपरवायझर कोण ठेवंल?"

ही नोकरी त्यांच्यासाठी काय होती ते सांगायला हवं. रिटायर झाल्यावर आठ महिने ते घरी होते. त्या आठ महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आणि मग खिडकीत बसून राहिले. बोलणं कमी कमी होत गेलं. नंतर एका सिक्युरिटी एजन्सीने त्यांना मोहालीतल्या ऑफिसांच्या एका मोठ्या आवारात गेटांचा सुपरवायझर म्हणून घेतलं. चार गेटं, तीन पाळ्या, गार्डांची हजेरी. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचे कपडे घालून, बूट चमकवून ते स्कूटरवर बसले तेव्हा आई दारात उभी होती आणि मला म्हणाली, "बघ, आले परत."

गेल्या उन्हाळ्यात एजन्सीचा निरोप आला की वायरलेस सेट बंद होणार. हजेरी, फेरीचे फोटो, गेटवरचं बोलणं, सगळं आता फोनवर. प्रत्येक सुपरवायझरने स्वतःचा चांगला स्मार्टफोन घ्यायचा. पप्पांकडे बोलायला एक बटणांचा फोन होता आणि गावाकडचे फोटो बघायला माझा जुना. वायरलेसवर त्यांचं निभत होतं. तिथे शब्द मोजके आणि रोज तेच असतात. 'गेट दो, ओके.' काय येणार ते आधीच माहीत असतं. फोनवर माणूस काहीही बोलू शकतो.

त्याच सुमारास माझ्याही ऑफिसात एक निरोप आला होता. आमची टीम पुण्याला हलणार होती, जानेवारीपासून. ज्यांना जायचं नाही त्यांच्यासाठी इथे दुसरं काम शोधू असं म्हणाले, पण ते कसं म्हणाले ते मी ऐकलं होतं. मला जायचं होतं. का, ते मला नीट सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा रिक्षावाल्याशी मराठीत बोलावं, एवढंही कारण असेल. मी हे घरी सांगितलं नाही. पण फोनचं निघालं तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता. जानेवारीनंतर पप्पांशी मी जे काही बोलेन ते या फोनवरच बोलेन.

सेक्टर बावीसच्या मार्केटमध्ये आम्ही शनिवारी गेलो. मी पप्पांच्या उजव्या बाजूला. दुकानातला माणूस माझ्याच वयाचा असेल, हातात कडं, बोलण्यात घाई.

"अंकल जी, बिझनेस यूज है के पर्सनल?"

"दोनों," पप्पा म्हणाले. "फोन एक, काम दोनों."

त्याने दोन फोन काचेवर ठेवले. वायरलेसवर ए-बीला म्हणतात तशी नावं देत पप्पांनी एकावर बोट ठेवलं, "हा अल्फा," दुसऱ्यावर ठेवलं, "तो ब्राव्हो."

"ओ जी, फौजी हो?" तो हसला. "मेरे ताया जी भी फौज में थे. सैंतीस साल आर्मी कैंटीन की बोतल पी है हमने." पप्पा हसले. त्यांना किती ऐकू आलं मला माहीत नाही. समोरचा हसला की ते हसतात.

अल्फा लहान होता, हातात बसणारा. ब्राव्होचा पडदा मोठा, बॅटरी मोठी. माणूस ब्राव्होकडेच वळत होता. "ये देखो अंकल जी, नई चीज." त्याने दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मित्राला फोन लावला. मित्र तिकडून काहीतरी बोलला आणि ते पडद्यावर लिहून आलं, हिंदीत, शब्दामागून शब्द. "सामने वाला जो बोलेगा, लिखा आएगा. मीटिंग में बैठे हो, कान पे लगाने की जरूरत ही नहीं."

पप्पांनी त्या अक्षरांकडे बघितलं. मग नजर काढून घेतली आणि विचारलं, "वजन कितना है?"

मी ते बघितलं. तोफेच्या आवाजात इतकी वर्षं उभं राहून ज्याचा चेहरा हलत नाही असा माणूस आहे तो. पण त्या अक्षरांवरून नजर काढायला त्यांना वेळ लागला.

मी हळूच विचारलं, "इसमें मराठी आती है?"

"मराठी तो नहीं आई जी अभी. हिंदी है, इंग्लिश है. पंजाबी भी नहीं आई, हमारी तो अपनी नहीं आई!"

अल्फाबद्दल त्याने जे सांगितलं नाही ते मला माहीत होतं. पप्पा ड्यूटीवर असताना मी कपाटातली डबी उघडून मशीनवरचा नंबर लिहून घेतला होता आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शोधलं होतं. ते मशीन अल्फाशी जोडता येतं. फोनमधला आवाज मधे कुठे न सांडता थेट कानात जातो. आवाज म्हणजे आवाज, तो कुठल्याही भाषेतला असो. ब्राव्होशी ते मशीन जोडता येत नाही.

म्हणजे कामाचा फोन ब्राव्हो होता आणि घरचा फोन अल्फा. आणि फोन एकच घ्यायचा होता. अल्फा घेतला तर गेटवरही तोच असणार, त्याचा उपयोग व्हायला मशीन कानात हवं, आणि मशीन कानात म्हणजे ते सगळ्यांना दिसणार.

रविवारी सकाळी उपमा खाऊन झाल्यावर बोर्ड बसलं. पप्पांनी फूलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारल्या. 'गरज' या शीर्षकाखाली त्यांनी लिहिलं, दोन सिम. बॅटरी बारा तास. रात्री फोटो स्पष्ट यावा. घंटी मोठी असावी. मग त्यांनी पेन उचललं आणि अध्यक्षांच्या आवाजात विचारलं, "सभासदांना आणखी काही गरज नोंदवायची आहे?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघत होते. घंटी मोठी असावी या ओळीखाली एक ओळ रिकामी होती. तिथे काय लिहायला हवं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. अल्फा म्हणायचं तर कान म्हणायला हवा होता, आणि तुम्हाला माझं बोलणं ऐकू यायला हवं म्हणायचं तर मी जाणार आहे हे म्हणायला हवं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली.

लिहिलेल्या गरजांप्रमाणे ब्राव्हो सगळ्या रकान्यांत पुढे होता. निष्कर्ष लिहिला गेला. आम्ही सह्या केल्या. बोर्डाच्या इतिहासात इतक्या पटकन कुठलंच बोर्ड उठलं नव्हतं.

ब्राव्होने त्यांचं काम खरंच सोपं केलं. गेटवर फोन आला की ते तो कानाला न लावता समोर धरायचे आणि वाचून उत्तर द्यायचे. गार्डांना वाटायचं, साहेब व्हिडिओ कॉल करतात. घरी आल्यावर ते पूर्वीपेक्षा मोकळे दिसायचे. मला वाटलं, आपण गप्प राहिलो तेच बरं झालं.

नोव्हेंबरमध्ये ऑफिसने मला तीन आठवडे पुण्याला पाठवलं. जागा बघा, लोकांना भेटा, मग कळवा. दुसऱ्या आठवड्यात मी ठरवलं. समोर बसून जे सांगता येत नव्हतं ते फोनवर सांगता येईल असं मला वाटलं. दुपारी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन मी पप्पांना फोन लावला आणि पटकन बोलून टाकलं.

"पप्पा, मला इथेच बदली घ्यायची आहे. जानेवारीपासून. तीन आठवड्यांसाठी नाही, कायमची. तुम्हाला चालेल का?"

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग ते म्हणाले, "हो हो. चांगलं. जेवलीस का?"

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. इतकं सहज? वीस वर्षांत एकही बोर्ड त्यांनी एका वाक्यात उठवलं नव्हतं. मी म्हणाले, "जेवले." त्यांनी पुन्हा "हो हो" म्हटलं. त्या संध्याकाळी मी ऑफिसला होकार कळवला.

परत आले तेव्हा चंडीगडला धुकं पडायला लागलं होतं. माझ्या खाटेवर नवी रजई होती. लाल, जाड, नव्या कापसाची, दोन हातांनी उचलावी लागेल इतकी जड. पप्पा दारात उभे होते.

"पिंजाऱ्याकडून समोर बसून भरून घेतली," ते म्हणाले. "या वर्षी थंडी जास्त आहे. जानेवारीत तुला लागेल."

"जानेवारीत?" मी म्हणाले. "पप्पा, मी सांगितलं होतं ना."

"काय?"

ते 'काय' खेळातलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि जिथे होती तिथेच थांबली. पप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खिशातून फोन काढला. ब्राव्हो लिहिलेलं जपून ठेवतो. माझ्या पुण्याच्या फोनचं पान त्यांनी उघडून माझ्यापुढे धरलं. माझ्या मराठीवर हिंदी शब्द ठोकून बसवलेले होते. एकही वाक्य माझं नव्हतं, एकाही वाक्याला अर्थ नव्हता. त्या सगळ्यात एकच शब्द जागेवर होता, जनवरी.

"हे मी चार वेळा वाचलं," पप्पा म्हणाले. "जानेवारीचं काहीतरी म्हणतेस एवढं कळलं. मला वाटलं थंडीचं म्हणत असशील. दरवर्षी तुझे पाय गार पडतात."

"मग मला परत का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

"पप्पा," मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, "मला चार वर्षांपासून माहीत आहे."

ते खाटेच्या कडेवर बसले. रजईची शिवण अंगठ्याने चाचपत राहिले, जणू टाके मोजायचे होते. मग म्हणाले, "आणि जानेवारीचं?"

मी सांगितलं. जवळून, सावकाश, मराठीत. त्यांनी सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर ते उठले आणि स्कूटर पुसायला बाहेर गेले. स्कूटर सकाळीच पुसलेली होती.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी व्हरांड्यात ऊन आलं होतं. आई मटार सोलत होती. पप्पा निळी फाइल घेऊन आले.

"बोर्ड बसेल," ते म्हणाले.

"आता काय आणायचंय?" आईने विचारलं.

"आणायचं काही नाही. आधीच्या बोर्डाची गरज चुकीची लिहिली गेली. दुरुस्ती."

त्यांनी रेघा मारल्या आणि 'गरज' या शब्दाखाली लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, रोजचा हुकूम वाचावा तसं. "एक. अध्यक्षांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कानाने कमी येतं. दोन. सभासद क्रमांक दोन जानेवारीत पुण्याला जात आहेत." आईच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली.

"मार्ग दोन. ब्राव्हो विकून अल्फा घ्यायचा, मशीन कानात, ड्यूटीवरसुद्धा. किंवा ब्राव्हो ठेवायचा, आणि सभासद क्रमांक दोन यांनी फोनवर हिंदीत बोलायचं."

"हिंदीत?" मी म्हणाले.

"फोनवर. घरी नाही."

त्यांनी आईकडे बघितलं. "पहिल्या सभासदाचं मत?"

"अल्फा," आई म्हणाली. "लावा मशीन आणि जावा गेटवर. काय म्हणतील पोरं? साहेबांना आता ऐकू यायला लागलं म्हणतील. वरच्या आंटीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तुमच्याशी वरडून बोलत्यात, ते काय उगंच?"

पप्पा हसले नाहीत. "एजन्सीच्या फॉर्मवर मी लिहून दिलंय की कान ठीक आहेत. खाली सही केली आहे." ते थांबले. "आयुष्यात ती एकच सही खोटी आहे माझी."

आईने मान खाली घातली. ज्या माणसाने मिक्सरसाठीही खरी तुलना केल्याशिवाय सही केली नाही, त्याला हे सांगायला किती जड गेलं असेल ते आम्हाला कळत होतं.

"मार्चअखेर करार संपतो," ते पुढे म्हणाले. "नवा फॉर्म येईल. त्यावर मी खरं लिहीन. मग ठेवलं तर ठेवलं. तेव्हा अल्फा घेऊ. तोवर ज्या कामाला हो म्हटलंय ते नीट व्हायला हवं. गेटवरचा एक निरोप चुकला तर सही माझी असली तरी भोगणार दुसरंच कुणीतरी. तोवर ब्राव्हो." मग माझ्याकडे वळून, "दुसऱ्या सभासदाचं मत?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न कितीतरी वेळा विचारला गेला होता आणि मी दर वेळी अध्यक्षांच्या बाजूने सही केली होती. मी म्हणाले, "मला असहमती नोंदवायची आहे."

बोर्डात तशी सोय असते. पप्पांनीच लहानपणी सांगितलं होतं. एखाद्या सभासदाला निर्णय पटला नाही तर त्याने वेगळ्या कागदावर कारण लिहायचं, आणि तो कागद मूळ कागदासोबत कायम राहतो. आमच्या फायलीत तसा कागद नव्हता. पप्पांनी मला कोरं पान दिलं. मी मराठी क्वचितच लिहिते. माझी अक्षरं दुसरीतल्या मुलीसारखी आली. मी लिहिलं, 'सभासद क्रमांक दोन यांना हा निर्णय मान्य नाही. त्यांना अध्यक्षांशी मराठीत बोलायचं आहे. दुसऱ्या भाषेत त्यांना बोलता येतं, पण बोलण्याआधी विचार करावा लागतो.' खाली सही केली.

पप्पांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. कागदाला भोक पाडून त्यांनी तो फायलीत ओवला आणि दोरीची गाठ दोनदा मारली.

"नोंद घेतली," ते म्हणाले. मग आईने सोललेल्या मटारातले मूठभर त्यांच्या हातात दिले आणि ते एक एक करून खात राहिले.

निर्णय ब्राव्होचाच झाला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्याला आले. रजई आणली. एवढं ओझं कशाला, असं आई म्हणाली नाही. खोलीवर पोचल्यावर मी फोन हातात घेऊन बसले आणि वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं, शाळेत म्हणायचे तसं. मग नंबर लावला.

"पापा, मैं पहुँच गई. कमरा ठीक है. खिड़की बड़ी है."

पलीकडून काही नाही. गेटचा आवाज येत होता, कुणाची तरी गाडी, कुणीतरी 'साब जी' म्हणालं. ते वाचत होते. मला ही शांतता भरून काढावीशी वाटत होती, पण मी आणखी बोलले असते तर त्यांना आणखी वाचावं लागलं असतं. मी थांबले.

"ऐकू आलं," पप्पा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "रजई काढलीस का?"

"नहीं पापा, यहाँ उतनी ठंड नहीं है."

पुन्हा तेवढीच शांतता. "असू दे. लागेल कधीतरी."

आता फेब्रुवारी संपत आला आहे. मार्चच्या फॉर्मचं ते काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. आई म्हणते, मशीन ते रोज संध्याकाळी तासभर लावतात, सवय व्हावी म्हणून, आणि कुकर लावायच्या आधी तिने सांगायचं असा नवा नियम केला आहे. इथे मी रिक्षावाल्याशी, इस्त्रीवाल्याशी, खाली राहणाऱ्या काकूंशी मराठीत बोलते आणि रोज एकदा खोलीत येऊन दार लावून पप्पांशी हिंदीत बोलते. दोघांमधल्या त्या शांततेची मला सवय होत चालली आहे. ती किती लांब आहे यावरून माझं वाक्य किती मोठं होतं ते कळतं. मी लहान वाक्यं करायला शिकले आहे.

फक्त शेवटचं वाक्य मी अजून बदललेलं नाही. "ठेवते हं, पप्पा," एवढं मी मराठीत म्हणते. तिकडे त्याचं काय लिहून येतं ते मला माहीत नाही. ते "हो" म्हणतात, आणि त्या 'हो'आधी शांतता नसते.